उन्हात राबणाऱ्यांनी किडनी कशी सांभाळायची, फडापासून लॅबपर्यंत

"उन्हाळी लागली" हा शब्द आपल्याकडं इतका घरचा झालाय की त्याला कोणी आजार म्हणतच नाही. लघवीला जळजळ, थेंबथेंब होतेय, रंग पिवळा जर्द, की कोणीतरी सांगतं धने भिजवून पी, सब्जा खा, होईल बरं. आणि दोन दिवसांत होतंही बरं, म्हणून परत तेच ऊन, तेच काम, तीच अर्धी बाटली पाणी. माझं म्हणणं एवढंच की ही उन्हाळी वारंवार लागत असेल तर ती किडनीनं मारलेली हाक समजा, कारण किडनी दुसरी हाक मारत नाही. मुतखडा झाला तर माणूस गडाबडा लोळतो, सगळ्या वस्तीला कळतं. किडनी हळूहळू निकामी व्हायला लागली तर काहीच दुखत नाही, आणि हाच सगळा घोळ आहे.

मी डॉक्टर नाही. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी छोटी लॅब चालवतो. आईवडलांनी कोयता घेऊन ऊसतोडीचे बरेच हंगाम काढले, मीपण लहानपणी तोडकऱ्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहिलोय, त्यामुळं उसाचा फड काय असतो ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या गावाकडं परतल्या की माझ्याकडं गर्दी होते, अशक्तपणा, भूक नाही, तोंडाला चव नाही, पाय जड. दोनेक वर्षांखाली एक पस्तिशीचा गडी आला, मोळी उचलून फळीवरून ट्रॉलीत चढणारा दांडगा माणूस, शुगर नाही, बीपी नाही, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कचरा किती गाळतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, जो साधारण १.३ च्या आत पाहिजे, तो चारच्या वर. मला वाटलं मशीन चुकलं, परत लावलं, तेवढंच आलं. लघवीचा काही त्रास होता का विचारलं तर म्हणाला अधूनमधून उन्हाळी लागते, बाकी काय नाय. खिशात अंगदुखीच्या गोळ्यांची स्ट्रिप, अर्धी संपलेली. तेव्हापासून येईल त्याला हे सगळं तोंडी सांगत आलोय, आता एकदाच लिहून टाकतो. फक्त ऊसतोडीचं नाही, कांदा काढणारे, हळद शिजवणारे, केळीच्या बागेत घड वाहणारे, कपाशीच्या पराट्या उपटणारे, तेंदूपत्त्याला जाणारे, सगळ्यांना लागू आहे.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या

विहिरीतलं पाणी खाली गेलं आणि मोटर कोरडी चालत राहिली तर काय होतं ते आपल्याला माहितीय. एकदा चालली तर वाचते, दोनदा वाचते, रोज चालली तर जळते. किडनीचं तसंच. उन्हात घाम जातो, अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं, रक्त घट्ट आणि कमी पडतं, मग शरीर कातडीकडं आणि स्नायूंकडं रक्त ढकलतं आणि किडनीच्या वाट्याला कमी येतं. त्यात जोराच्या कामानं स्नायूंची झीज होऊन त्यातला लालसर पदार्थ रक्तात उतरतो, युरिक अ‍ॅसिड वाढतं, हे सगळं त्या अर्ध्या कोरड्या किडनीनं गाळायचं. संध्याकाळी जेवला, पाणी प्यायला, झोपला की बरीच भरपाई होते, पण पूर्ण होत नाही, थोडा व्रण राहतो. सलग पाच महिने रोज असं, आणि असे दहा हंगाम.

हे नुसतं माझं डोकं नाही बरं का. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वा इथं ऊस तोडणारी तरणीताठी पोरं किडनी जाऊन मरायला लागली, त्यांना ना शुगर ना बीपी. एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये ते पहिल्यांदा नीट मांडलं. निकाराग्वात चिचिगाल्पा नावाचं गाव आहे, तिथल्या एका वस्तीला लोक विधवांचं बेट म्हणायला लागले इतके गडी गेले. श्रीलंकेत अनुराधापुरा, पोलोन्नारुवाकडं भातशेती करणाऱ्यांत तसंच, आणि आपल्या देशात आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम भागात, नारळ-काजूच्या पट्ट्यात. सगळीकडं कारण एकच आहे असं शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, पाणी, औषधं, फवारे यांवर वाद चालू आहेत, पण मध्य अमेरिकेच्या बाबतीत ऊन आणि कष्टाचा वाटा मोठा आहे असं बहुतेक जण मानतात. आपल्याकडं अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून किडनीच्या तक्रारी किती वर्षं येतायत, तिथं लोक खाऱ्या पाण्याला दोष देतात. पाणी खारं असेल तर ते बदलायचं, पण वाद मिटेपर्यंत उन्हाचं काय करायचं ते तरी आपल्या हातात आहे.

आणि एक. टीव्हीवर तापमान ४१ सांगतात ना, ते सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं. तुम्ही असता उघड्यावर, वर ऊन, खाली तापलेली जमीन, अंगात पूर्ण बाह्या, आणि उभ्या उसाच्या आत वारं अजिबात शिरत नाही. पाचट जाळलेला फड असला तर विचारूच नका. हळदीच्या कुकरपाशी उभं राहणाऱ्याला तर ऊन एकीकडून आणि वाफ दुसरीकडून. कोकणात, गोव्यात पारा कमी दिसतो पण दमट हवेत घाम सुकत नाही, घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही, त्यामुळं ३४ लाही माणूस उकडून निघतो.

पाणी, किती आणि कधी

तहान लागली की पिऊ, हे चालत नाही. तहान लागते तोवर तुम्ही मागं पडलेले असता, आणि गुत्त्याच्या, म्हणजे ठेक्याच्या कामात माणूस तहान दाबतो, एवढी सरी संपली की पितो म्हणतो आणि ती सरी कधी संपत नाही. साधा हिशेब धरा, कडक उन्हात काम करताना दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटर. तासाला पाऊण लिटर. सहा तासांचं काम म्हणजे साडेचार लिटर एका माणसाला, जोडीला नऊ. म्हणजे एक कोयता, आपल्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला तेच म्हणतात, फडात जाताना वीस लिटरच्या जारचा जवळपास अर्धा जार सोबत पाहिजे. आता तुमच्याकडं बघा काय असतं, दोन लिटरची कोल्ड्रिंकची जुनी बाटली, गोणपाटात गुंडाळलेली, त्यातलं अर्धं पोरगं पितं.

उलट टोकही नको. एका तासाला दीड लिटरच्या वर ढोसायचं नाही, नुसतं पाणी पीत सुटलं तर अंगातलं मीठ पातळ होतं, मळमळ, चक्कर, डोकं धरतं, कधी फिट पण येते. थोडं थोडं, सारखं सारखं.

सुरुवात घरातून करा. पहाटे निघताना चहा पिऊन पळायचं ही आपली सवय, त्यात दोन पेले पाणी आधी पोटात जाऊ द्या. संध्याकाळी आल्यावर अंघोळीच्या आधी परत दोन, आणि झोपेपर्यंत थोडं थोडं, कारण खरी भरपाई रात्रीच होते. किती कमी पडलं हे बघायची एक युक्ती सांगतो, कांद्याच्या खळ्यावर किंवा हळदीला वजनकाटा असतोच, एक दिवस सकाळी कामाला लागताना आणि दुपारी सुट्टीला वजन करून बघा. एक किलो उतरलं म्हणजे एक लिटर पाणी अंगातून गेलं जे तुम्ही भरलं नाही. साठ किलोच्या माणसाचं सव्वा किलो उतरलं तर ते जास्तच झालं. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी आकडा बघितला की माणूस कोणी न सांगता प्यायला लागतो, हे मी बघितलंय.

काय प्यायचं? साधं स्वच्छ पाणी सगळ्यात आधी. वेळेवर भाकरी-कालवण खात असाल तर मीठ जेवणातून मिळतं, दिवसभर ओआरएस पित बसायची गरज नाही. पण घाम निथळतोय, पायात गोळे येतायत, शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे दिसतायत, तर ताक मीठ घालून, लिंबू पाणी साखर-मीठ घालून, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं, हे सगळं उत्तम आणि आपल्या आज्या हेच करायच्या, आपण सोडून दिलं. ओआरएसची पुडी घ्यायची तर एक पूर्ण पुडी एका पूर्ण लिटरमध्ये, पेल्यात अर्धी पुडी टाकून घट्ट करून पिऊ नका. पुडी नसेल तर घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा छोटा चमचा, आणि चमचा सपाट, शीग लावून नाही. बनवलेलं त्याच दिवशी संपवायचं. बीपी किंवा शुगरवाल्यांनी हे मीठ-साखरेचं काम डॉक्टरला विचारून करा, आणि ज्यांना डॉक्टरनं हृदयामुळं किंवा किडनीमुळं पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांना वरचा हिशेब लागू नाही.

टेट्रापॅकमधलं फळांचं गोड पाणी ओआरएस म्हणून घेऊ नका. ज्या पेयाचं सूत्र खऱ्या ओआरएसचं नाही त्याच्या नावात ओआरएस शब्द वापरायचा नाही असा आदेश एफएसएसएआय या खाण्यापिण्याचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला, पण गावच्या दुकानात काय मिळतं ते तुम्हीच बघा. रंगीत कोल्ड्रिंक तर उन्हात नकोच. उन्हात कष्ट करताना पाण्याऐवजी असली गोड पेयं प्यायली तर किडनीवरचा ताण उलट वाढतो असं तपासण्यांत दिसलंय, त्यातल्या साखरेनं युरिक अ‍ॅसिडही वाढतं. फडातला ऊस चघळला म्हणजे पाणी प्यायलं असंही नाही. चहा दोनदा ठीक. दारूचं म्हणाल तर रात्री प्यायलेली सकाळी लघवीतून पाणी काढून घेते आणि तुम्ही फडात कोरडे उतरता, भाषण देत नाही, एवढंच माहीत असू द्या.

लघवीचा रंग बघायची सवय लावा, लाज कशाची. पातळ लिंबू सरबतासारखी फिकट असली की गाडी रुळावर. करडईच्या तेलासारखी पिवळी जर्द झाली की पाणी कमी पडतंय, लगेच दोन पेले. कोऱ्या चहासारखी किंवा लालसर-काळपट आली तर काम तिथंच थांबवायचं, सावलीत बसायचं आणि त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवशीवर ढकलायचं नाही. फक्त बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं लघवी पिवळी होते, त्याला घाबरू नका.

आता गोळ्यांचं, हे नीट वाचा

माझ्या मते पाण्याच्या खालोखाल सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं आणि याबद्दल कोणी बोलत नाही. संध्याकाळी अंग मोडून येतं, कंबर वाकत नाही, रात्री गाडी भरायची असते, मग किराणा दुकानातून नाहीतर मेडिकलमधून एक अंगदुखीची गोळी. कुठल्या कुठल्या टोळीत मुकादमच पाकीट ठेवतो, पोरं त्याला पॉवरची गोळी म्हणतात. गोळीनं खरंच बरं वाटतं, म्हणून रोज.

स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षर वाचा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक, नायमेसुलाइड, नॅप्रोक्सेन, पिरॉक्सिकॅम यातलं काही लिहिलं असेल तर ती उन्हाच्या दिवसात, कोरड्या अंगावर घेऊ नका. पॅरासिटामॉलसोबत मिसळलेलं असतं पुष्कळदा, त्यामुळं पहिलं नाव वाचून थांबायचं नाही. का ते सांगतो. पाटाला पाणी कमी आलं की आपण वाफ्याचं दारं मोठं फोडतो, म्हणजे आहे त्या पाण्यात वाफा भिजतो. किडनीही रक्त कमी पडलं की आपलं दारं मोठं करून घेते. या गोळ्या नेमकं ते दारं बुजवतात. भरल्या पाटाला एखादवेळी दारं बुजलं तर वाफा मरत नाही, पण पाट आटलेला आणि दारं बुजलेलं, दोन्ही एकत्र आलं की वाफा जळतो.

गिधाडं कुठं गेली आठवतंय? आपल्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की उतरायची. जनावरांना डायक्लोफेनॅक टोचायचे, ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि त्यांच्या किडन्या जायच्या. कारण सापडल्यावर सरकारनं २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं. माणसाचं शरीर ते औषध गिधाडापेक्षा कितीतरी चांगलं पचवतं, घाबरवायला सांगत नाही, पण किडनीशी त्या औषधाचं वाकडं आहे एवढं लक्षात राहायला ही गोष्ट बरी पडते.

मग दुखलं तर काय करायचं. पहिलं पाणी आणि जेवण, मग तासभर पडून राहणं, कोमट पाण्याचा शेक, तेल लावून चोळणं. गोळी घ्यायचीच तर साधी पॅरासिटामॉल ५००, दुसरं काही न मिसळलेली, दिवसात सहाच्या वर नाही, आणि रोज दारू घेणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. दवाखान्यात गेलात तर "कमरेत इंजेक्शन द्या, लवकर उतरतं" असं आपणच म्हणतो, ते बहुतेकदा याच घराण्यातलं असतं, तर आधी सांगा की डॉक्टरसाहेब दिवसभर उन्हात होतो, पाणी कमी झालंय, लघवी कमी होतेय. सलाईनचा पण नाद आहे आपल्याकडं. उलटी होत नसेल आणि तोंडानं पिता येत असेल तर बहुतेक वेळा ओआरएस तेच काम करतं.

बीपीची गोळी, लघवी होण्याची गोळी, शुगरच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी हंगामाला निघण्याआधी डॉक्टरकडं जाऊन एवढंच विचारायचं की जुलाब-उलट्या झाल्या किंवा ऊन लागलं त्या दिवशी यातली कुठली थांबवू. मनानं बंद करू नका, पण विचारून ठेवा, फडात डॉक्टर भेटत नाही.

काम कधी, सावली कुठं

बाराचं ऊन डोक्यावर घ्यायचं नाही हे सांगायला मी कशाला पाहिजे, सगळ्यांना माहीत आहे. पहाटे पाचला सुरू करून अकरा-साडेअकराला सुटायचं, परत चारनंतर. अडचण माहितीची नाहीच, अडचण ही आहे की टनावर पैसे मिळतात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तरी हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची तर टन वाढवावे लागतात, आणि आजारी पडून एक दिवस बसलं तर वर खाडा, म्हणजे दंड. म्हणून "दुपारी काम करू नका" हे वाक्य मजुराला सांगून काही होत नाही, ते मुकादमाला आणि शेतमालकाला सांगायला पाहिजे, आणि त्यांना पटेल असं सांगायचं तर धंद्याच्या भाषेत सांगायचं. एल साल्वाडोरमध्ये एका टोळीला पाणी, ठरलेली सुट्टी, हलवता येणारी सावली आणि चांगला कोयता देऊन बघितलं, तर दिवसाचा ऊस कमी झाला नाही, वाढला. निकाराग्वात विश्रांती आणि सावली वाढवल्यावर तोडणाऱ्यांच्या किडनीला होणारी इजा कमी झाल्याचं मोजून दाखवलंय. थकलेला माणूस दुपारी दोनला जे तोडतो ते अर्धं असतं आणि कोयता पायावर बसायचं भ्या वेगळंच.

मुकादमानं करण्यासारखं फार महाग नाही. एक जुनी ताडपत्री नाहीतर शेडनेटचा तुकडा, चार बांबू, फड पुढं सरकेल तशी ती पण सरकवायची, बांधावरचं झाड अर्धा किलोमीटरवर असेल तर तिथं कोणी जात नाही. पाण्याचा जार फडाच्या तोंडाशी नाही तर माणसं जिथं वाकलीत तिथं, आणि एक पोरगं किंवा थकलेला म्हातारा माणूस दर वीस मिनिटांनी पाणी फिरवायला. तासाभरानं पाच-दहा मिनिटं सगळ्यांनी एकदम बसायचं, एकदम हे महत्त्वाचं, एकटा बसला तर त्याला आळशी म्हणतात आणि मग तो बसत नाही. जोड्या लावून द्या, एकानं दुसऱ्याकडं बघायचं, कारण ऊन लागलेल्या माणसाला स्वतःला कळत नाही, तो बरळायला लागला तरी म्हणतो मी बरा आहे.

नवीन माणसाचं वेगळं बघा. उन्हाशी जमायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्यांदाच आलेल्याला पहिल्या दिवशी कडक उन्हात कामाचा पाचवा हिस्सा, मग रोज तेवढाच वाढवत नेऊन पाचव्या दिवशी पूर्ण. जुना गडी लग्नाला आठवडाभर जाऊन आला तर पहिल्या दिवशी अर्धं. आपल्याकडं उलटं चालतं, नवा गडी दांडगा दिसला की त्यालाच जास्त लावतात. २०२२ चं आठवा, ऊस एवढा झाला होता की मराठवाड्यात काही ठिकाणी हंगाम जूनपर्यंत लांबला, आणि त्याच वर्षीचा मार्च देशात तोवर नोंदलेला सगळ्यात गरम मार्च होता. मेमध्ये फडात उभं राहायची सवय कोणालाच नव्हती.

कपडा सुती, सैल, पूर्ण बाह्यांचा, डोक्याला ओला टॉवेल. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, नुकसान काही नाही, पण कांद्याच्या भरवशावर पाणी सोडू नका. दुपारच्या वाऱ्यात फवारणी तर नकोच, घामेजल्या अंगावर औषध जास्त शिरतं.

बायकांचं वेगळं लिहितो

कारण त्यांची अडचण वेगळी आहे. फडात, कोपीवर, कुठंच लघवीला आडोसा नसतो, म्हणून ताई लोक पाणीच पीत नाहीत. माझी आई पहाटे उजाडायच्या आत जाऊन यायची ती परत अंधार पडल्यावर, मधे घोटभर पाणी. वर लघवी तुंबवून धरायची, त्यानं इन्फेक्शन, इन्फेक्शन वर चढलं की किडनी. या सततच्या पोटदुखीला, अंगावर जाण्याला वैतागून किती जणींनी गर्भपिशवी काढून टाकली ते २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीतून बाहेर आलं, बीड जिल्ह्यात तपासलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. तर चार काठ्या आणि दोन जुन्या साड्या, एवढ्यात आडोसा होतो, मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगायचं आणि सगळ्या बायकांनी मिळून सांगायचं. तीन-चार तासांनी जाऊन यायचंच. जळजळीसोबत थंडी वाजून ताप आला किंवा पाठीत बरगडीखाली दुखायला लागलं तर ती साधी उन्हाळी राहिली नाही, दवाखाना. आणि पोटुशी बाई उन्हात नको, याच्यापुढं मला काही लिहायचं नाही.

कधी पळायचं

अंग भट्टीसारखं तापलंय, बोलणं तुटतंय, झोकांड्या जातायत, शुद्ध हरपतेय, हा उष्माघात. घाम थांबलेला असेल किंवा नसेलही, कष्टात उष्माघात झाला तर घाम असतो, त्यामुळं घाम आहे म्हणजे ठीक आहे असं समजू नका. आधी थंड करा, गाडी यायची वाट बघत बसू नका. सावलीत आणून कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, ओल्या कपड्यानं गुंडाळा, वारा घाला, काख, मान, जांघेत ओले फडके, आणि एकानं १०८ ला फोन लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. शुद्धीवर आहे पण सहा-आठ तास लघवीच नाही, सारखी उलटी, काळपट लघवी, किंवा दोनतीन दिवसांत तोंड-पाय सुजले, तरी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

टेस्ट

लॅबवाला म्हणून टेस्ट करा म्हणतोय असं वाटत असेल तर माझ्याकडं येऊच नका, ग्रामीण रुग्णालयात मोफत होते. सिरम क्रिएटिनिन, एवढंच नाव सांगायचं, सोबत बीपी, शुगर आणि लघवीची तपासणी. नुसती लघवी तपासून "क्लिअर आहे" यावर समाधान मानू नका, उन्हाच्या या आजारात लघवीतून प्रोटीन फारसं जातच नाही आणि बीपीही बऱ्याचदा नॉर्मल असतं, म्हणून तर तो लपतो. पुरुषाचं क्रिएटिनिन साधारण ०.७ ते १.३, बाईचं थोडं कमी, पण आकडा एकटा फसवतो, जवळपास अर्धी किडनी जाईपर्यंत तो रेषेच्या आत राहू शकतो. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळतेय त्याचा अंदाज, लिहून मागा, वय, बाई की पुरुष आणि क्रिएटिनिन यावरून काढतात, ६० च्या खाली असेल तर डॉक्टर गाठायचा.

हंगामाला जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा, असं वर्षाला दोनदा. आल्याआल्या धावत येऊ नका, दोन-तीन दिवस आराम करून, पाणी नीट पिऊन, आदल्या रात्री मटण न खाता या, नाहीतर आकडा उगाच वर दिसतो. वर आलाच तर घाबरून मुंबई गाठायची गरज नाही, डॉक्टर सांगतील तसं काही दिवसांनी परत, आणि तीन महिन्यांनंतरही वरच असेल तर मग तो जुना आजार धरतात. मधल्या काळात कष्टाचं ऊन बंद, अंगदुखीच्या गोळ्या बंद. लवकर सापडलं तर पुढची घसरण बरीच लांबवता येते, आणि डायलिसिसची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं, शिवाय २०१६ पासूनच्या केंद्राच्या कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात होतं, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. किडनी धुऊन काढणारा काढा, अमुक बाबाचं भस्म, याच्या नादात सहा महिने घालवलेली माणसं माझ्याकडं येतात, काही भस्मांत शिसं-पारा असतो, तो परत किडनीलाच.

रिपोर्ट फेकू नका. सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत, आधारकार्डाच्या सोबत, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेनानं लिहा, टेस्टच्या आधी किती दिवस काम बंद होतं आणि त्या आठवड्यात कुठल्या गोळ्या खाल्ल्या. पुढच्या वर्षी दोन कागद शेजारी ठेवून बघताना डॉक्टर पहिलं तेच विचारतो.